उंबरठ्याचा आकडा

केळीच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारे एक ॲप आम्ही चौघे जण बनवत होतो, तेव्हा एका आकड्यावरून आमच्यात दोन दिवस वाद झाला. असे यंत्र कोणत्याही पानाबद्दल 'हे रोगट' किंवा 'हे निरोगी' असे छातीठोकपणे सांगत नाही. ते शून्य ते एकच्या दरम्यान खात्रीचा एक आकडा देते, आणि त्या आकड्याने कोणता उंबरठा ओलांडला म्हणजे पडद्यावर लाल अक्षरांत 'हरण्या' असे उमटवायचे, हे माणसाने ठरवायचे असते. कोणी ०.५ म्हटले, कारण पुस्तकातल्या उदाहरणांत तसे असते. कोणी ०.८ म्हटले. शेवटी प्रात्यक्षिकाच्या दिवशी ॲप गप्प बसलेले दिसू नये म्हणून ०.६ ठेवला आणि सगळे जेवायला गेले. त्या चौघांत मीही होतो, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते दुसऱ्याच्या चुकीकडे बोट दाखवण्यासाठी नव्हे.

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात हरण्या हे नाव सहज घेण्यासारखे नाही. कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होणाऱ्या या रोगाला औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करा, असेच कृषी शास्त्रज्ञ सांगतात, कारण मावा ही कीड त्या झाडावरून उठून शेजारच्या झाडावर बसतो आणि विषाणू त्याच्यासोबत जातो. म्हणजे यंत्राने निरोगी झाडाला रोगट म्हटले, तर शेतकरी टिशू कल्चरचे विकत आणलेले आणि ठिबकवर वाढवलेले झाड स्वतःच्या हाताने उपटून टाकणार. आणि रोगट झाडाला निरोगी म्हटले, तर आधी शेजारची ओळ जाणार, मग शेजाऱ्याची बाग. दोन्ही चुकाच, पण त्यांची किंमत सारखी नाही आणि ती भरणारा माणूसही एक नाही. पहिल्या चुकीत एकट्याचे नुकसान, दुसरीत सगळ्या शिवाराचे. उंबरठा खाली आणला की पहिली चूक वाढते, वर नेला की दुसरी. तेव्हा तो आकडा निव्वळ तांत्रिक नव्हताच. कोणाला वाचवण्यासाठी कोणाचे नुकसान पत्करायचे, याचा तो निवाडा होता आणि आम्ही तो भुकेच्या वेळी उरकला.

हे आम्हाला कळले ते यावल तालुक्यातल्या एका मृगबागेत, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या बागेत. बागेचे मालक, ज्यांना गावात सगळे नाना म्हणतात, त्यांनी आमच्या सांगण्यावरून एका पानासमोर फोन धरला. पानावर पिवळसर पट्टे होते. ॲपने लाल अक्षरे दाखवली. नानांनी फोन खिशात टाकला, पान उलटे करून पाहिले, वाकून पोंगा, म्हणजे मधले न उलगडलेले कोवळे पान, निरखला, बुडाशी माती बोटांनी उकरली आणि म्हणाले, "भाऊ, हा हरण्या नाही. याचा पोंगा साफ आहे. मागच्या पावसात खत वाहून गेलं, त्याला अन्न कमी पडलंय." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "समजा मी तुमचं ऐकून हे झाड उपटलं असतं, तर त्याचे पैसे कोणाकडे मागायचे होते?" आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. उत्तर नसणे हा अज्ञानाचा भाग नव्हता. आम्ही ॲप ज्या रीतीने बनवले त्या रीतीतच त्या प्रश्नाला जागा ठेवलेली नव्हती.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिमत्तेवर आज जे लिहिले जाते त्यातले बरेचसे या जागेपर्यंत पोचतच नाही, अशी माझी तक्रार आहे. तत्त्वांची वानवा नाही. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्तेची तत्त्वे मांडली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युनेस्कोच्या सदस्य देशांनी या विषयावरची शिफारस स्वीकारली, आणि १ ऑगस्ट २०२४ पासून युरोपीय संघाचा कायदाही अंमलात आला. निष्पक्षता, पारदर्शकता, उत्तरदायित्व, मानवी देखरेख हे शब्द सगळीकडे आहेत. अडचण अशी की या शब्दांना कोणाचाच विरोध नसतो, आणि ज्याला कोणाचाच विरोध नाही त्याने कोणाचे वागणेही बदलत नाही. 'आमची प्रणाली निष्पक्ष असेल' हे वाक्य आणि ०.६ हा आकडा यांच्यामध्ये जी जमीन आहे तिथे नीती राहते किंवा मरते. आणि ती जमीन संचालक मंडळाची नसून प्रोग्रॅमरची, चाचणी घेणाऱ्याची, फोटोंना लेबले लावणाऱ्या मुलामुलींची असते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की नीती हे विकासाच्या कामातलेच एक काम मानले पाहिजे: ज्याला वेळ दिलेला आहे, ज्यावर कोणाचे तरी नाव आहे आणि जे पुरे झाले नाही तर ॲप बाहेर जात नाही, असे काम.

खानदेशात तत्त्वचिंतन आणि संगणक हे दोन प्रवाह एकाच गावात नांदून गेले आहेत, याची इथे आठवण होते. अमळनेरला प्रताप शेठजींच्या उदार हातांमुळे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, आणि त्याच अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा जो कारखाना निघाला त्या कंपनीला आज जग विप्रो या नावाने संगणक क्षेत्रात ओळखते. मुलाखतीच्या तयारीला लागलेल्या आमच्या मुलांना दुसरी गोष्ट तोंडपाठ असते, पहिली सांगितली की ती मान डोलावतात. अभियांत्रिकीच्या शिक्षणात नीतीचे जे होते तेही याच मासल्याचे आहे: तो एक वेगळा पेपर असतो, एका सत्रात सुटतो, आणि प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत अचूकता किती टक्के आली एवढेच विचारले जाते.

त्या टक्क्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. वनस्पतींचे रोग ओळखणाऱ्या प्रणालींमध्ये 'प्लँटव्हिलेज' हा फोटोंचा संच प्रसिद्ध आहे. त्यातल्या ५४,३०६ फोटोंवर शिकवलेल्या यंत्राची अचूकता २०१६ मध्ये ९९.३५ टक्के निघाली, आणि तो आकडा जगभर उद्धृत झाला. त्याच शोधनिबंधात, वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच यंत्र चालवले तेव्हा अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली, हेही प्रामाणिकपणे लिहिलेले आहे. पण ते वाक्य कोणी उद्धृत करत नाही. कारण समजायला सोपे आहे. संचातली पाने झाडावरून तोडून, करड्या किंवा काळ्या कागदावर ठेवून टिपलेली होती. आमच्याकडे पान वाऱ्याने फाटलेले असते, त्यावर धूळ असते, मागे दुसरी पाने असतात, मे महिन्यात ऊन असे असते की फोनचा पडदाच दिसत नाही. शिवाय त्या संचात १४ पिके आहेत, सफरचंद आहे, स्ट्रॉबेरी आहे, ब्लूबेरी आहे. केळी नाही आणि कापूसही नाही. ज्या दोन पिकांवर खानदेशातली लग्ने ठरतात आणि मोडतात, ती दोन्ही तिथे नाहीत. यात कोणाचा कट नाही. ज्याने फोटो काढले त्याने आपल्या शेजारचे काढले, एवढेच.

आमचा संच आम्हीच गोळा केला होता, त्यामुळे आम्ही स्वतःला या दोषातून मुक्त समजत होतो. तसे नव्हते. आमचे बहुतेक फोटो रस्त्यालगतच्या, ठिबक असलेल्या, मोठ्या बागायतदारांच्या बागांतले होते, कारण तिथे मोटारसायकल जात होती आणि चहा मिळत होता. खताची टंचाई झालेली पाने त्यांत जवळपास नव्हतीच, कारण त्या बागांना खत कमी पडत नाही. म्हणून अन्न कमी पडल्याने पिवळे पडलेले पान यंत्राने आयुष्यात प्रथमच नानांच्या बागेत पाहिले आणि त्याला माहीत असलेल्या एकमेव पिवळेपणाचे नाव दिले. लहान शेतकऱ्याविरुद्धचा पक्षपात आमच्यापैकी कोणाच्या मनात नव्हता. तो आमच्या मोटारसायकलच्या वाटेत होता.

याहून कठीण प्रकार म्हणजे जे मोजायचे ते मोजता येत नाही म्हणून जवळचे दुसरेच काही मोजणे. अमेरिकेत रुग्णालये आणि विमा कंपन्या ज्या प्रणालीने जास्त देखभालीची गरज असलेले रुग्ण निवडत, तिने 'आजार किती' याऐवजी 'खर्च किती झाला' हे मोजले होते. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळात खर्चच कमी होत असल्याने, तितकेच आजारी असूनही ते यंत्राला निरोगी वाटले. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे उघड झाले तेव्हा संशोधकांनी हिशेब मांडला की हा दोष काढला तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीय रुग्णांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्के होईल. त्या प्रणालीत वंश हा रकानाच नव्हता. रकाना काढून टाकला म्हणजे भेदभाव गेला, असे मानणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आपल्याकडे असा जवळचा रकाना म्हणजे सातबारा. उद्या पीककर्जासाठी किंवा शेतीसल्ल्यासाठी एखादी प्रणाली 'शेतकरी कोण' हे सातबाऱ्यावरून शिकली, तर दिवसभर निंदणी, वेचणी करणारी बाई शेतकरी ठरणार नाही, कारण उतारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर आहे. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी-अक्कलकुवा भागात ज्यांची शेती २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या पट्ट्यावर, किंवा अजून मंजूर न झालेल्या दाव्यावर चालते, ते कसणारे यंत्राच्या नजरेत धूसर होतील. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आदिवासींचे वाईट चिंतलेले नसेल; त्याला फक्त उपलब्ध असलेला स्वच्छ रकाना आवडला असेल. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात वाटले गेले, म्हणजे नोंदीत येण्याचा अनुभव या मुलखाला नवा नाही. नोंद झाल्यावर ती जुळली नाही तर कोणत्या खिडकीवर जायचे, हा अनुभवही जुनाच आहे.

भाषेबद्दल थोडक्यात. आवाजावर चालणारा शेतीसल्ला ऐकायला गोड वाटतो, पण धुळ्याकडची बाई "पानं लाल पडेल शेतस" म्हणाली तेव्हा मराठी बोलणे अक्षरांत उतरवणाऱ्या आमच्या यंत्राने त्यातल्या 'शेतस'चे 'शेतात' केले. अहिराणीतले 'आहेत' मराठीत जमीन होऊन बसले. २०११ च्या जनगणनेत खानदेशी (यातच अहिराणी आली) मातृभाषा सांगणारे १८ लाखांवर आणि भिली गटातल्या भाषा बोलणारे १ कोटीवर लोक आहेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची मुभा आहे. त्या २२ भाषांत या दोन्ही नाहीत. जी सूचना समजत नाही तिच्याखाली घेतलेला अंगठा ही संमती म्हणावी का, हा प्रश्न कायद्याने सोडला असला तरी ॲप बनवणाऱ्याला सोडता येत नाही. दोन मिनिटांची बोललेली सूचना ध्वनिमुद्रित करायला एक दुपार लागते.

आता आक्षेपाकडे वळतो, कारण तो मी स्वतः अनेकदा घेतलेला आहे. लहान कंपनीला हे परवडत नाही, बाजारात आधी उतरणारा जिंकतो, एवढी तपासणी करत बसलो तर पुण्या-बंगळूरचे लोक पुढे निघून जातील. यावर मला बाजार समितीतला वजनकाटा दाखवावासा वाटतो. कापसाचा व्यापारी कितीही लहान असो, वैधमापन खात्याकडून त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची ठरावीक मुदतीत पडताळणी व्हावी लागते, शिक्का पडावा लागतो, आणि त्यामुळे व्यापार बुडाला असे कोणी म्हणत नाही. उलट शिक्का नसलेल्या काट्यावर गाडी लावायला शेतकरी तयार होत नाही. किलोभर कापसाच्या फरकासाठी आपण इतके जागरूक, आणि बाग उपटायला सांगणाऱ्या यंत्राला मात्र कोणाचाही शिक्का नको, ही स्थिती विचित्र आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचे 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केले असल्याने अशी यंत्रे आता गावोगाव येणार आहेत, तेव्हा हा प्रश्न लांबचा राहिलेला नाही.

काट्याची उपमा एका जागी तुटते, तेही सांगितले पाहिजे. किलो किती, यावर जगाचे एकमत आहे. न्याय किती, यावर नाही. २०१६ मध्ये संशोधकांनी गणितानेच दाखवून दिले की जे ओळखायचे त्याचे प्रमाण दोन गटांमध्ये मुळात वेगळे असेल आणि यंत्र सर्वज्ञ नसेल, तर निष्पक्षतेच्या सर्व वाजवी व्याख्या एकाच वेळी पाळता येत नाहीत. एक धरली की दुसरी सुटते. काही जण यावरून 'मग काहीच करता येत नाही' असा सोयीचा निष्कर्ष काढतात. मला तो उलटा दिसतो. निवड टाळता येत नसेल, तर ती कोणी केली, कोणाशी बोलून केली आणि कशासाठी केली, हे लिहून ठेवणे हीच नीतीची पहिली कृती ठरते. आमच्या ०.६ ची कुठेही नोंद नव्हती. सहा महिन्यांनी त्यामागचे कारण आम्हालाच आठवेना.

नोंद कशी असावी, याचा नमुना खानदेशातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात टांगलेला सापडेल. बियाण्याच्या पिशवीवर वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि मुदत छापलेली असते. १९६६ च्या बियाणे कायद्याने ते बंधनकारक केले. पिशवी फुटली, उगवण झाली नाही, तर शेतकरी तेच लेबल आणि पावती घेऊन तक्रारीला जातो. यंत्रशिक्षणातल्या (मशीन लर्निंग) लोकांनी २०१८-१९ च्या सुमारास हेच वेगळ्या नावांनी शोधून काढले: टिमनिट गेब्रू आणि सहकाऱ्यांनी फोटो-नोंदींच्या संचासाठी माहितीपत्रक सुचवले, मार्गारेट मिचेल आणि सहकाऱ्यांनी तयार यंत्रासाठी. कोणत्या फोटोंवर शिकवले, कुठल्या भागातले, कोणावर तपासले, कोणत्या कामासाठी वापरू नये. आमच्या ॲपवर आता असे लेबल आहे. त्यात 'खताची टंचाई आणि हरण्या यांत हे ॲप फसू शकते. झाड उपटण्याआधी पोंगा पाहा' असे लिहिले आहे. ते लिहिताना आमच्यातल्या एकाने हरकत घेतली की आपल्याच मालाची बदनामी आपण का करावी. बियाणे कंपनीला उगवणशक्ती शंभर टक्के छापण्याचा मोह होत नसेल का, असे मी त्याला विचारले. तो हसला, पण पटले नाही. अजूनही पटलेले नसावे.

लेबलाइतकेच महत्त्वाचे म्हणजे थांबवण्याचा अधिकार. चाचणी घेणाऱ्या मुलीने 'लहान बागांत हे चुकते आहे' असे सांगितले आणि ठरलेली तारीख तरी हलली नाही, तर तिला दिलेले पद शोभेचे आहे. आमच्याकडे आता त्यासाठी नेमलेल्या दोघांपैकी एकाने नकार दिला की नवी आवृत्ती बाहेर जात नाही, आणि त्या दोघांपैकी एक कृषी पदवीधर आहे ज्याला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. यामुळे एकदा सरकारी प्रदर्शनाची संधी हुकली. कुरकुर झाली. उंबरठाही आता एक राहिलेला नाही: मधल्या आकड्यांना ॲप 'नक्की सांगता येत नाही, जाणकाराला दाखवा' असे म्हणते. प्रात्यक्षिकात हे फिके दिसते, हे मान्य.

आणि शेवटी ज्याच्यावर निर्णय होतो त्याला उलट बोलता आले पाहिजे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यातली फसवणूक शोधण्यासाठी कर विभागाने जोखीम ठरवणारी प्रणाली वापरली, तिच्यात नागरिकत्वाचाही विचार होत होता. हजारो कुटुंबांवर खोटा ठपका आला, पैसे परत मागितले गेले आणि दाद मागायला गेलेल्यांचे वर्षानुवर्षे कोणी ऐकले नाही. जानेवारी २०२१ मध्ये तिथले मंत्रिमंडळ पायउतार झाले. इतक्या सुशिक्षित, इतक्या नीटनेटक्या देशात हे घडले, याचा मला नेहमी विचार पडतो. यंत्र चुकले एवढ्याने ते घडले नाही. चुकले हे सांगायला गेलेल्या माणसापुढे पुन्हा तेच यंत्र धरले गेले, म्हणून घडले.

आम्ही निकालाच्या पडद्यावर एक फोन क्रमांक टाकला, आणि तो आळीपाळीने आमच्यापैकीच कोणी तरी उचलायचा असे ठरवले. पहिले दोन फोन बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव काय निघाला, हे विचारायला आले. तिसरा चोपड्याकडून होता. त्या माणसाने सांगितले की काल संध्याकाळी ज्या पानाला ॲपने रोगट म्हटले, त्याच पानाला आज सकाळी पाऊस पडून गेल्यावर निरोगी म्हणते आहे, तर त्यातले खरे कोणते धरायचे. त्याला दोन्ही फोटो पाठवायला सांगितले. आता ते आमच्या संचात आहेत, 'वादग्रस्त' अशा लेबलाखाली, आणि नवी आवृत्ती त्यांच्यावर अजून अडलेली आहे.